मागच्या डाव्या दाराचा आवाज

गाडी लिलावात निघाली तेव्हा यादीत तिचा क्रमांक कपाटांनंतर होता. 'लोखंडी कपाटे दोन, फिरत्या खुर्च्या (न फिरणाऱ्या) चौदा, गाडी एक.' आणि कंपनीची अट अशी की घ्यायचं तर सगळं घ्यायचं, सुटं मिळणार नाही. त्यामुळे निवारणरावांनी आयुष्यातली पहिली आलिशान गाडी घरी आणली ती टेम्पोच्या मागे दोरीने बांधून, आणि टेम्पोत दोन कपाटं आणि चौदा खुर्च्या. सोसायटीच्या फाटकातून ही मिरवणूक आत आली तेव्हा वॉचमनने फक्त एकच प्रश्न विचारला, "साहेब, ऑफिस बंद पडलं का?"

निवारणराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार निवारण विभागात ते एकवीस वर्षं होते, म्हणून हे नाव पडलं. एकवीस वर्षांत त्यांनी एकाही तक्रारीचं निवारण केलं नव्हतं, कारण ते त्यांचं कामच नव्हतं. त्यांचं काम तक्रारीला क्रमांक देणं, ती रजिस्टरात चढवणं, आणि शेवटच्या रकान्यात दोनपैकी एक शेरा मारणं. 'नोंद घेण्यात आली आहे' किंवा 'तक्रार निराधार आहे.' तिसरा शेरा खात्यात अस्तित्वातच नव्हता.

बायको रक्त तपासणीच्या लॅबमध्ये. दिवसभर लोकांचं रक्त काढून येत असल्यामुळे ती घरी तशी शांत असायची. गाडी बघून ती एवढंच म्हणाली, "कपाटं चांगली आहेत."

आता गाडी का घेतली, हे सांगायला हवं. बायकोच्या वडिलांनी, म्हणजे निवारणरावांच्या सासऱ्यांनी, हीच गाडी बावीस वर्षं चालवली होती. कंपनीच्या मोठ्या साहेबांचे ते ड्रायव्हर. काट्यावर तीन लाख अठ्ठेचाळीस हजार किलोमीटर होते, त्यातले तीन लाखांच्या वर सासऱ्यांच्या हातचे. आणि या तीन लाखांत एक किलोमीटरसुद्धा ते मागच्या सीटवर बसले नव्हते. सहा महिन्यांनी कंपनीच्या निवृत्त लोकांचा मेळावा होता, कंपनीच्या जुन्या अतिथीगृहात. त्या अतिथीगृहाच्या पोर्चमध्ये सासऱ्यांनी हजार वेळा साहेबांना उतरवलं होतं आणि स्वतः गाडी घेऊन मागच्या झाडाखाली जाऊन उभे राहिले होते. यंदा त्यांनी त्याच गाडीतून, मागच्या सीटवरून, त्याच पोर्चमध्ये उतरायचं, असं निवारणरावांच्या मनात होतं.

हा झाला उदात्त भाग. दुसरा भाग असा, की लग्नाला चौदा वर्षं होऊनही सासऱ्यांनी जावयाला एकदाही 'ठीक' म्हटलं नव्हतं. सासऱ्यांच्या शब्दकोशात 'ठीक' ही सर्वोच्च पदवी होती. त्यांनी ती चांगल्या इंजिनाला दिली होती, एका पुलाला दिली होती आणि स्वतःच्या बायकोला, ती गेल्यावर. जावयाचं गाडी चालवणं त्यांनी एकदाच पाहिलं, भाड्याच्या गाडीत. उतरल्यावर म्हणाले, "जावईबापू, तुम्ही गाडी चालवत नाही. तुम्ही तिला जाऊ देता."

हॉलमध्ये सासऱ्यांचा एक फोटो होता. पांढरा गणवेश, बाजूला ही गाडी, चेहऱ्यावर काहीही नाही. कोटाला पितळेची पाच बटणं असायला हवीत, पण चारच. तिसऱ्याच्या जागी नुसता दोरा. फोटो कंपनीच्या रौप्यमहोत्सवाचा होता आणि गणवेशाच्या बाबतीत साहेब इतके कडक होते, की अशा दिवशी कोटाला बटण नसावं, याचं घरात सगळ्यांना नवल वाटायचं. सासऱ्यांना विचारलं तर म्हणायचे, "पडलं असेल."

सासरे दोन गल्ल्या पलीकडे राहत. गाडी आल्यापासून ते रोज साडेपाचला यायचे, हात मागे बांधून तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घालायचे, चहा प्यायचे आणि जायचे. पहिल्या दिवशी निवारणरावांनी विचारलं, "काय बाबा, काय वाटतं?"

"हिला कपाटाबरोबर आणलीत," सासरे म्हणाले. एवढंच.

पहिली अडचण लांबीची निघाली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी टेप आणली, गुडघ्यावर बसले आणि जाहीर केलं की गाडी पार्किंगच्या पांढऱ्या रेषेबाहेर अकरा इंच येते.

"मग रेषा अकरा इंच पुढे घ्या ना," निवारणराव म्हणाले.

"रेषा सर्वसाधारण सभेने मारलेली आहे," सेक्रेटरी म्हणाले. "ब्रशने नाही."

तोडगा असा निघाला की गाडीचं तोंड जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत घालायचं. त्यामुळे रोज संध्याकाळी गाडीचा पुढचा भाग मीटरच्या खोलीत आणि बाकीची गाडी बाहेर, अशी ती काहीतरी चोरून ऐकायला डोकावल्यासारखी उभी राहायची. वीज कंपनीचा माणूस रीडिंग घ्यायला आला की बॉनेटवर वही ठेवायचा. त्याची तक्रार नव्हती.

मग सल्ले सुरू झाले. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त भूगोलाचे मास्तर, ज्यांना सगळे भूगोलसर म्हणायचे, त्यांनी सांगितलं की मागे पंख बसवा, वाऱ्याची दिशा लक्षात घेता गाडी उडायला नको. वॉचमनचं मत पडलं की खाली निळे दिवे लावावेत, म्हणजे अंधारात तिच्यावर कोणी अडखळणार नाही. सेक्रेटरी म्हणाले, मागच्या काचेवर सोसायटीचं नाव घाला.

निवारणरावांनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "मला जे करायचंय ते सुरुचिपूर्ण करायचंय."

हा शब्द त्यांनी पुढच्या सहा महिन्यांत इतक्या वेळा वापरला की बायकोने त्याचं परिमाण केलं. "आज किती सुरुची झाली?" ती संध्याकाळी विचारायची.

सुरुचीचा आराखडा तसा साधा होता. मागच्या सीटला चहाच्या रंगाचं नवं कव्हर, पायाखाली छोटं पाऊल-आसन, वाचायला एक मंद दिवा, मूळचाच मोतिया रंग पण नव्याने, आणि आवाज एकही नको. गाडी कशी हवी? आत बसलेल्याला स्वतःच्या विचारांचा आवाज यावा.

गादीवाल्याला त्यांनी तीनदा बजावलं, सुरुचिपूर्ण हवं. गादीवाला प्रत्येक वेळी म्हणाला, "साहेब, काळजीच करू नका, मी कालच एका दाताच्या डॉक्टरांचं काम केलं." निवारणरावांना वाटलं, हा अनुभव सांगतोय. तो कापड सांगत होता. आठ दिवसांनी सीट आली ती फिक्या हिरव्या रंगाची, पुसायला सोपी, आणि मानेच्या जागी डोकं किंचित मागे टेकेल अशा उंचवट्याची. तिच्यावर बसलं की तोंड आपोआप उघडायचं.

"चहाचा रंग म्हणालो होतो," निवारणराव म्हणाले.

"हिरवा चहा पण असतो साहेब," गादीवाला म्हणाला. "डॉक्टर लोक तोच पितात."

इलेक्ट्रिशियनकडे मागचा मंद दिवा सांगितला होता. त्याने दिवा लावला, आणि खूश होऊन आपल्याकडून गाडी मागे घेताना बोलणारं एक यंत्रही बसवलं. यंत्र कुठल्या देशातून आलं होतं त्यालाही ठाऊक नव्हतं. गाडी मागे घेतली की त्यातून एक बाई अत्यंत अदबीने, परक्या भाषेत, एक लांबलचक वाक्य बोलायची, तेच तेच, गाडी थांबेपर्यंत. मीटरच्या खोलीतून गाडी काढायला रोज सकाळी ती पाच वेळा बोलायची. सोसायटीत चर्चा झाली. वॉचमनला वाटे ती माफी मागते आहे. भूगोलसर म्हणत, ते एका स्टेशनचं नाव आहे. बायकोचं मत पडलं की बाई गोड आवाजात शिव्या देते आहे, आणि कोणाला देते तेही तिला कळतं.

यंत्र काढायला गेलं तर दिवा बंद पडायचा, हॉर्न वाजायचा आणि वायपर फिरायचे. बाई राहिली.

मग परिवहन कार्यालय. गाडी नावावर करायला गेले तर खिडकीपलीकडच्या बाबूने कागद पाहिला, खिडकीतून मान काढून गाडी पाहिली आणि कागद परत केला. "पुस्तकात मोतिया लिहिलंय. ही पांढरी आहे."

"हा मोतियाच आहे. दाराच्या रबराखाली जुना रंग होता, त्याच्याशी जुळवून घेतलाय."

"मग जुना रंग पण पांढरा असणार. रंग बदललेला नसल्याचा दाखला आणा."

"कोणाकडून?"

"ज्याने बदलला नाही त्याच्याकडून."

निवारणरावांनी तिथल्या तिथे एक अर्ज लिहिला. बाबूने त्याला क्रमांक दिला, रजिस्टरात चढवला आणि म्हणाला, "नोंद घेतलीय."

एकवीस वर्षांत हे वाक्य निवारणरावांनी हजारो वेळा लिहिलं होतं. समोरून पहिल्यांदाच ऐकलं. बाकावर जाऊन ते थोडा वेळ बसले. बाकावर वरून पाणी ठिबकत होतं. शेजारचा म्हातारा म्हणाला, "सरका इकडे. चार वर्षं गळतोय तो नळ. पाणीपुरवठ्याला लिहिलं होतं यांनी. तिथल्या कोणा गाढवाने लिहून पाठवलं, तक्रार निराधार आहे."

ते अक्षर कोणाचं असेल, याची चौकशी निवारणरावांनी केली नाही. दुसऱ्या दिवशी ते प्लंबर घेऊन आले, स्वतः शिडी धरली, आणि तासाभरात नळ थांबला. बाबूने नळाकडे पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं. "उन्हात मोतिया दिसते खरी," तो म्हणाला आणि शिक्का मारला.

हे सगळं चालू असताना खरी लढाई आवाजांशी होती. गाडी चालू केली की सोळा प्रकारचे आवाज यायचे. निवारणरावांना तक्रार हाताळायची एकच पद्धत माहीत होती. त्यांनी दोनशे पानी वही घेतली, रकाने आखले आणि प्रत्येक आवाजाला क्रमांक दिला. क्रमांक एक, 'घुर्रर्र, पुढून, चढावर.' क्रमांक चार, 'चिंई, ब्रेक दाबल्यावर, शेजारी मान वळवून बघतात.' क्रमांक नऊ, 'कोणीतरी खोकल्यासारखा, बहुधा गाडीच.'

मेकॅनिकला सगळे उस्ताद म्हणत. उस्तादांनी वही पाहिली आणि पहिल्यांदा आदराने खुर्ची पुढे केली. मग म्हणाले, "साहेब, गिऱ्हाईक येतं आणि सांगतं, गाडी वाजते. तुम्ही तर ग्रंथ लिहिलाय."

सासरे मात्र वही बघायचे नाहीत. साडेपाचच्या प्रदक्षिणेत गाडी चालू करायला लावायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "पुढचा उजवा बुश." उस्ताद उघडून बघायचे, पुढचा उजवा बुश. "पंख्याचा पट्टा." पंख्याचा पट्टाच. एकदा ते जिना चढता चढता थांबले आणि म्हणाले, "चौथा नट सैल आहे." कुठला चौथा, कशाचा चौथा, कोणी विचारलं नाही. उस्तादांनी चौथा नट शोधला आणि तो सैल होता. उस्ताद त्यानंतर सासऱ्यांसमोर विडी ओढेनासे झाले.

पाच महिन्यांत सोळाच्या सोळा आवाज गेले. निवारणरावांनी गाडी रस्त्यावर काढली. शांतता. मागे फिकट हिरवी सीट, पुढे लाकडी पट्टी लखलखीत, इंजिनाची नुसती कुजबुज. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. वळण आलं, त्यांनी वेग कमी केला.

टुक.

वळण संपलं, वेग वाढवला.

टुक.

मागच्या डाव्या दारातून. इतके दिवस सोळा आवाजांच्या गर्दीत हा बिचारा दबून गेला होता, आता त्याला मैदान मोकळं मिळालं. क्रमांक सतरा.

उस्ताद हताशपणे म्हणाले, "साहेब, आधीचे सोळा काढायलाच नको होते."

त्या संध्याकाळी सासरे आले, प्रदक्षिणा झाली. निवारणराव म्हणाले, "बाबा, एक नवा आवाज आहे. मागचं डावं दार. टुक असा."

सासऱ्यांचे बांधलेले हात सुटले. "मला नाही ऐकू येत."

"तुम्ही बसलातच कुठे अजून! चला, एक फेरी मारू."

"जुनी गाडी आहे, वाजायचीच," सासरे म्हणाले आणि चहा न घेता गेले. ज्या माणसाला जिन्यावरून चौथा नट ऐकू येतो, त्याला दारातली टुक ऐकू येऊ नये, याचा निवारणरावांना थोडा विचार पडला. पण वय झालं, असं म्हणून त्यांनी तो सोडून दिला.

मग दार उघडण्यात आलं. आतलं आवरण काढलं, काच काढली, कुलूप काढलं. काही नाही. उस्तादांनी तारेला लोहचुंबक बांधून दाराच्या पोकळीत खालपर्यंत सोडलं, मासे पकडल्यासारखं इकडून तिकडे फिरवलं. काही लागलं नाही. दार पुन्हा बसवलं. टुक. पुन्हा उघडलं. सेक्रेटरी येऊन म्हणाले, दार पार्किंगमध्ये सुटं ठेवल्यास ते वेगळं वाहन धरावं लागेल. भूगोलसरांनी सुचवलं की आवाज जमिनीखालून येत असावा. निवारणरावांची झोप कमी झाली, कार्यालयात कोणी टेबलावर पेन ठेवलं तरी ते दचकून डाव्या हाताला बघायचे. लोक म्हणू लागले, साहेब आता तक्रारी फार मनावर घेतात.

सासरे रोज यायचे, पण आता गाडीपासून चार हात लांब उभे राहायचे. एक दिवस हळूच विचारलं, "दार उघडून बघितलं म्हणे?"

"तीनदा. उस्तादांनी लोहचुंबकसुद्धा फिरवलं."

"लोहचुंबक?"

"हो."

"लोहचुंबकच ना?"

"लोहचुंबकच. का?"

"काही नाही. चांगलं केलंत," सासरे म्हणाले. त्या दिवशी त्यांनी दोन कप चहा घेतला.

मेळाव्याचा दिवस आला आणि टुक गेली नव्हती. निवारणरावांनी वहीतली सतरावी नोंद पाहिली, शेरा कोराच ठेवला, आणि वही गाडीच्या कप्प्यात टाकली. बायको पुढे बसली. सासरे इस्त्रीचा सदरा घालून आले आणि सवयीने ड्रायव्हरच्या दाराकडे गेले.

"बाबा, मागे," बायको म्हणाली.

"मागे काय? मागे माणसं बसतात."

"आज तुम्हीच माणसं."

निवारणरावांनी मागचं डावं दार उघडून धरलं. सासरे त्या दाराकडे असे पाहत राहिले, जसं कोणी कोर्टाच्या पिंजऱ्याकडे पाहील. मग बसले. हिरव्या सीटमुळे मान मागे गेली आणि तोंड किंचित उघडलं. गाडी मागे घेताना बाई पाच वेळा बोलली. सासरे सीटची कड धरून बसले.

पहिलं वळण. टुक. टुक.

निवारणरावांनी आरशात पाहिलं. सासऱ्यांनी डोळे मिटले होते.

दुसरं वळण. टुक. टुक.

"फार वाजतं," सासरे मागून म्हणाले.

"ऐकू येतंय ना तुम्हाला?" निवारणराव जवळजवळ ओरडलेच. "मी सांगत होतो! मी वेडा नाही!"

"इथे बसलं की अगदी कानातच वाजतं. पुढे एवढं कळत नाही." तिसऱ्या वळणानंतर सासरे म्हणाले, "पितळ आहे ते. लोहचुंबकाला लागत नाही."

निवारणरावांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली. बायकोने मान वळवली. "काय पितळ आहे बाबा?"

"बटण."

हॉलमधला फोटो दोघांच्याही डोळ्यांसमोर आला. दोरा, आणि बटणाची रिकामी जागा.

"तुझा चौथीतला बक्षीस समारंभ," सासरे लेकीला म्हणाले. गाडीच्या छताकडे बघत म्हणाले, कारण सीटमुळे दुसरीकडे बघता येत नव्हतं. "मी आलो नव्हतो."

"गाडी बंद पडली होती. तुम्हीच सांगितलंत."

"ही गाडी माझ्या हातात एकदाही बंद पडली नाही. मी तिच्यावर खोटा आळ घेतला. साहेबांकडे अर्धा दिवस मागितला होता, नाही म्हणाले. तीन तास केस कापणाऱ्याच्या दुकानाबाहेर उभा होतो. साहेबांना केस किती होते तू पाहिलंस. समोर घड्याळ होतं. तुझं नाव पुकारायची वेळ झाली आणि मी कोटाचं बटण तोडलं आणि या काचेच्या फटीतून आत टाकलं. त्यांच्या बाजूला. तेव्हापासून वाजतंय."

"बावीस वर्षं?" निवारणराव म्हणाले.

"त्यातली सतरा. साहेब रोज विचारायचे, बटण कुठाय. मी म्हणायचो, पडलं. आणि मग विचारायचे, हे काय वाजतं. मी म्हणायचो, मला नाही ऐकू येत." सासरे पुढे म्हणाले, "तुम्ही पाच महिन्यांत सोळा आवाज काढलेत जावईबापू, ते मी बघत होतो. सतरावा माझा होता. तोंड उघडवत नव्हतं."

निवारणरावांना काय वाटलं? राग आला होता का? आला असावा, पण तो यायला जरा उशीर झाला, कारण पहिल्यांदा त्यांना प्रचंड थकवा आला. तीनदा उघडलेलं दार, उस्तादांचं मासे पकडणं, रात्रीची झोप. आणि बायको? ती समोरच्या काचेतून बाहेर बघत होती. मग म्हणाली, "सुंदर हस्ताक्षराचं बक्षीस होतं. फार मोठं काही नव्हतं." आणि रुमाल काढला.

अतिथीगृहाच्या पोर्चमध्ये गाडी शिरली तेव्हा निवृत्त मंडळी जमलेली होती, आणि सगळ्यांच्या पुढे, काठीवर वाकलेले, नव्वदीचे मोठे साहेब. केस तेव्हाही नव्हते आणि आताही नव्हते. गाडी दिसताच काठी टाकून त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. सासरे मागच्या दारातून उतरले. सहा महिने निवारणरावांनी हाच क्षण डोळ्यांसमोर धरला होता, आणि सासऱ्यांनी उतरल्या उतरल्या वळून साहेबांसाठी दार उघडून धरलं.

"बसतो जरा," साहेब म्हणाले आणि आपल्या जुन्या जागेवर, डाव्या बाजूला, बसले. सासरे पुढे जायला निघाले. "तू कुठे चाललास? गाडी तो चालवतोय. इकडे बस, माझ्याशेजारी."

निवारणरावांनी दोन म्हाताऱ्यांना घेऊन बागेभोवतीचा रस्ता धरला. दोघेही छताकडे बघत, तोंडं किंचित उघडी. पहिलं वळण आलं. निवारणरावांनी वेग इतका अलगद कमी केला, इतका अलगद, की सासऱ्यांनी पूर्वी कधी केला असेल तर तेवढाच.

टुक.

साहेब ताठ झाले. "ऐकलंस?"

साहेबांनी दाराकडे बोट केलं.

"सतरा वर्षं! बायको कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली मला. त्याने कानातून काय काय काढलं, हे नाही निघालं. कंपनीत सगळे म्हणायचे, साहेबांना भास होतात. तू स्वतः म्हणायचास." त्यांनी शेजारी हात टाकला तो सासऱ्यांच्या मनगटावर पडला. आवाज एकदम लहान झाला. "खरं सांग आता. ऐकू येतंय ना?"

निवारणरावांनी आरशात पाहिलं नाही.

"ऐकू येतंय, साहेब," सासरे म्हणाले. "तेव्हाही येत होतं."

साहेब म्हणाले, "वाटलंच होतं मला." कशाबद्दल वाटलं होतं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि सासऱ्यांनी विचारलं नाही. हात मनगटावरच होता.

रस्ता पुढे एका फाटकापाशी संपत होता. गाडी मागे घ्यावी लागली आणि बाई बोलू लागली. साहेबांनी कान टवकारले. तरुणपणी ते कामासाठी बऱ्याच देशांत राहिले होते.

"ही काय म्हणते साहेब?" निवारणरावांनी विचारलं. सहा महिन्यांचा प्रश्न होता.

"म्हणते, सावकाश घ्या. मागे माणसं आहेत."

निवारणरावांनी सावकाश घेतली. शेवटचं वळणही तसंच काढलं. टुक. टुक. मागून सासरे म्हणाले, "ठीक."

ते वळणाला होतं, गाडीला होतं की साहेबांच्या हाताला, हे विचारायचं निवारणरावांच्या ओठांवर आलं होतं. पण त्यांचं आयुष्य तक्रारीत गेलेलं. जे मिळालं त्याची त्यांनी निमूटपणे नोंद घेतली.

परतताना चढावर पुढून एक नवाच आवाज येऊ लागला, कोणीतरी खडे चावल्यासारखा. "पाण्याचा पंप," सासरे मागून म्हणाले. घरी आल्यावर, गाडीचं तोंड मीटरच्या खोलीत घातल्यावर, निवारणरावांनी वही काढली. क्रमांक अठरा लिहिला. मग पान उलटून सतरावर आले. उस्तादांना सांगितलं असतं तर अर्ध्या तासात बटण निघालं असतं. बायको मागून वाकून बघत होती.

"काढू नका ते," ती म्हणाली.

निवारणरावांनी पेन उघडलं आणि एकवीस वर्षांत कधीही न लिहिलेला शेरा लिहिला.

'तक्रार खरी आहे. दुरुस्ती करू नये.'